वैमानिकी शिकणाऱ्या मुलांची ‘व्यावसायिक वृत्ती’ म्हणजे नेमकं काय? (खान्देशातल्या विद्यार्थ्यांसाठी)

गिरणाकाठ
राम राम मंडळी. भाची यंदा बारावी झाली, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन. क्लास टूचं मेडिकल, म्हणजे प्रशिक्षणाआधीची वैद्यकीय तपासणी, झालंय. आता वैमानिक प्रशिक्षणाला घालायचं चाललंय, तेही आपल्याच भागात. धुळ्याजवळचं गोंदूर, शिरपूरची धावपट्टी, जळगावचा विमानतळ, प्रशिक्षणाच्या विमानांची घरघर आता आपल्याला नवी राहिली नाही. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांना जागा द्यायला जे पाच विमानतळ निवडले, त्यात बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारीसोबत आपलं जळगावही होतं.

जो तो सांगतो, “मार्क सगळ्यांनाच असतात, ॲटिट्यूड बघतात.” म्हणजे बघतात काय? बूट, केस, इंग्रजी? जाणकारांनी कृपया कामाचं सांगावं. पहिल्या महिन्यापासून कोणत्या सवयी लावायच्या?

तापीपूर
ताई, बूट-केस शेवटी. मी प्रशिक्षक आहे, आणि मुलगा किंवा मुलगी कशी आहे हे बघायला मी आधी लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, उघडतो.

सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, उड्डाणाचे किमान २०० तास लागतात. त्यातले १०० पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना. क्रॉस कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, २० तास, त्यातलं एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडायचे, १० तास, त्यातले सिम्युलेटरवर जास्तीत जास्त ५. रात्रीचे ५ तास, १० टेक-ऑफ आणि १० लँडिंगसह. हे आकडे पाठ असतात सगळ्यांना. गडबड होते ती हे तास लिहिताना.

हॉब्ज मीटरचा, म्हणजे विमान चाललेले तास मोजणाऱ्या घड्याळाचा, एक आकडा पुढे सरकला म्हणजे ०.१ तास, सहा मिनिटं. उड्डाण १.१ तासांचं झालं आणि आठवड्याने आठवून लिहायला बसलं की ते १.२ होतं, कधी १.३. मुद्दाम नाही, आळसाने. पण तेच उड्डाण आणखी दोन ठिकाणी लिहिलेलं असतं, संस्थेच्या ऑथोरायझेशन बुकात (उड्डाणाच्या परवानगीची वही) आणि विमानाच्या टेक लॉगमध्ये (त्या विमानाची नोंदवही). तपासणीत तिन्ही समोरासमोर ठेवतात. तिथे फरक निघाला की आळस आणि लबाडी यांत कोणी भेद करत बसत नाही.

म्हणून सवय अशी: विमानातून उतरल्यावर पाणी प्यायच्या आधी हॉब्जचे दोन्ही आकडे आणि चॉक (चाकाला लावायची उटी) काढल्याची-लावल्याची वेळ वहीत टिपायची. लॉगबुकात त्याच संध्याकाळी उतरवायचं. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि सही. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, पान फाडणं तर मुळीच नाही.

न उडालेल्या तासांना आपल्या क्षेत्रात ‘पी-फिफ्टीवन’ म्हणतात, पार्कर ५१ पेनावरून. म्हणजे विमानाने नाही, पेनाने भरलेले तास. २०११ मध्ये देशात बनावट गुणपत्रिका आणि खोट्या कागदांवर मिळवलेले परवाने उघडकीला आले, तेव्हा लोकांना अटक झाली आणि परवाने गेले. तिथवर पोहोचलेला माणूस पहिल्या दिवशी शंभर तास चोरत नाही. सुरुवात ०.१ पासूनच होते.

गिरणाकाठ
धन्यवाद सर. हे कोणीच सांगितलं नव्हतं. आणि विमानापाशी काय बघता?

तापीपूर
इंधन तपासायचा कप कसा धरते ते.

प्रशिक्षणाच्या बहुतेक विमानांत ॲव्हगॅस १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल असतं, रंग फिका निळा. नव्या सेसना १७२ या प्रशिक्षणाच्या छोट्या विमानाला (आर आणि एस मॉडेल) इंधन काढून बघायच्या १३ जागा असतात, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पुढे पोटाखाली तीन. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि दरवेळी इंधन भरल्यावर तेराच्या तेरा बघायच्या. भरल्यावर लगेच नाही, थोडं थांबून, कारण पाणी जड, त्याला खाली बसायला वेळ लागतो. पाणी असेल तर कपात तळाशी थेंब किंवा बुडबुड्यासारखा गोळा दिसतो.

आता फसगत कुठे होते बघा. कप वर धरला, आत एकही थेंब वेगळा दिसत नाही, दोन थरांमधली रेघ नाही, एकदम स्वच्छ. विद्यार्थी म्हणतो, “सर, क्लिअर.” पण कपभर पाणीच आलं असेल तर रेघ दिसेलच कुठून? म्हणून कप पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरून *निळा रंग* बघायचा. आकाशासमोर धरला तर पाणीही निळं भासतं. मग वास. आणि बोटाला तेलकट लागलं, रंग गेलेला दिसला, तर जेटचं इंधन मिसळल्याची शंका घ्यायची आणि इंजिन सुरूच करायचं नाही.

मे महिन्यात दुपारी डांबर पोळत असताना पोटाखालच्या तीन जागांसाठी गुडघ्यावर बसावं लागतं. कोण बसतं आणि कोण नुसतं वाकून पुढे जातं, एवढ्यावरून मला पुष्कळ कळतं.

ऑइल: १७२ एसला पाच क्वार्टच्या खाली उड्डाण नाही, जास्तीत जास्त आठ. काडी पुसून पुन्हा बुडवून बघायची, पहिलं वाचन धरायचं नाही. इंधनाची मोजकाडी त्या त्या विमानाची वेगळी असते, शेजारच्या विमानाची उचलायची नाही.

पांझरा
सरांनी पिटोट ट्यूबचं, म्हणजे वेग मोजायच्या नळीचं, लिहिलं नाही, आपल्याकडे ते फार महत्त्वाचं. कुंभारीण माशी. घराच्या खिडकीत, कुलपाच्या भोकात मातीचं घर करते तीच. पंखाखालच्या त्या नळीचं भोक तिला अगदी मापाचं वाटतं. विमान कव्हर न घालता अर्धा दिवस उभं राहिलं तरी तिला पुरतं.

नळी बुजली की वेगाचा काटा हलत नाही. वर गेल्यावर आत अडकलेल्या हवेमुळे तो उंचीबरोबर चढायला लागतो, म्हणजे आणखी घातक, कारण वेग वाढतोय असं वाटून विद्यार्थी नाक वर ओढतो. म्हणून धावपट्टीवर धावताना “एअरस्पीड अलाइव्ह” हे मोठ्याने म्हणायचं आणि काटा खरोखर हललाय हे बघूनच म्हणायचं. नाही हलला तर पॉवर बंद, ब्रेक, तिथेच थांबायचं. तोंडाने फुंकून नळी कधीही साफ करू नये, आतलं उपकरण खराब होतं. मेकॅनिकला सांगायचं. टाकीत हवा जायच्या व्हेंटचं भोकही तसंच बघायचं.

कान्हदेश
सगळं बरोबर आहे, पण एक कडू बोलतो. पोरं शेत गहाण ठेवून, कर्ज काढून येतात. विमानं कमी, पोरं जास्त. महिना महिना नंबर लागत नाही. अशात नंबर लागला आणि एखादी गोष्ट खटकली, तर विद्यार्थी “नाही उडत” म्हणेल का? म्हटलं तर पुन्हा शेवटी जाऊन बसणार. तुम्ही वृत्तीचं ओझं पोरांवर टाकताय, संस्थांवर का नाही?

तापीपूर
भाऊ, तक्रार रास्त आहे. संस्थेची जबाबदारी मोठीच आहे. “नाही” म्हणणाऱ्याचा नंबर मागे टाकणारी संस्था विद्यार्थ्यांना खोटं बोलायला शिकवते, हे मी इथे स्पष्ट लिहितो.

पण नकार कसा द्यायचा हे विद्यार्थ्याला शिकवता येतं. “सर, मला भीती वाटते” यावर वाद होतो. आकड्यावर वाद होत नाही. आपल्या उन्हाचंच उदाहरण घ्या.

धावपट्टीची उंची ८५० फूट धरा. मे महिन्यात क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब, १००३ च्या आसपास असतो, म्हणजे प्रमाण दाबापेक्षा दहा हेक्टोपास्कल कमी. एका हेक्टोपास्कलला ३० फूट धरले तर प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे दाबावरून काढलेली उंची, झाली ११५० फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान साधारण १२.७ अंश. बाहेर आहे ४४. फरक ३१.३. दर अंशाला १२० फूट म्हणजे ३७५० च्या वर. बेरीज केली की डेन्सिटी अल्टिट्यूड ४९०० फूट. विमान उभं आहे खान्देशात, पण त्याला वाटतंय आपण पाच हजार फुटांच्या डोंगरावर आहोत. हवा इंजिनला विरळ, प्रोपेलरला विरळ, पंखांनाही विरळ. तिन्हीकडून मार.

आणि १७२ च्या पुस्तकातला टेक-ऑफचा तक्ता ४० अंशांच्या रकान्यावर संपतो. ४४ चा रकानाच नाही. पुढचा आकडा अंदाजाने वाढवून काढायचा नसतो, कारण त्यापुढे कंपनीने तुम्हाला काही सांगितलेलंच नाही. तेव्हा विद्यार्थ्याने तक्ता उघडून बोट ठेवून म्हणावं, “सर, बाहेर ४४ आहे, तक्ता ४० ला संपतो, सकाळी सहाचा स्लॉट मिळेल का?” यात उद्धटपणा नाही, भित्रेपणाही नाही. चांगला प्रशिक्षक अशा मुलाचं नाव लक्षात ठेवतो.

उन्हातली दुसरी चूक उतरताना होते. विरळ हवेत काट्यावरचा वेग तोच ठेवला तरी जमिनीवरचा वेग जास्त असतो, पाच हजारांना साधारण ८ टक्के. जमीन पळताना दिसते, विद्यार्थ्याला वाटतं आपण फार वेगात आहोत, तो वेग कमी करतो आणि काटा ६० च्या खाली जातो. पूर्ण फ्लॅप्सवर (पंखांमागच्या झडपा पूर्ण खाली) ६० ते ७० नॉट हा आकडा उन्हाळ्यात बदलत नाही. नजर जमिनीच्या पळण्यावर नको, काट्यावर हवी.

कान्हदेश
आकडे दाखवायचे, हे पटलं. तरी नंबर मागे गेला तर काय करायचं, ते सांगा.

तापीपूर
लेखी द्यायचं. प्रत्येक संस्थेत सेफ्टी रिपोर्टिंगची सोय ठेवावी लागते. तारीख, तापमान, विमानाची नोंदणी, घडलेली गोष्ट, बस. कोणाची निंदा नाही, विशेषणं नाहीत. आणि तोच मुद्दा चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरना समोर भेटून सांगायचा. सगळीकडे सुटेल असं मी म्हणणार नाही. पण तोंडी कुरकुरीची कुठेच नोंद राहत नाही.

लॉकवायर
धाग्यात सगळे वैमानिकच दिसताहेत. एएमई (विमान देखभाल अभियंता) शिकणारी मुलंही आपल्याकडून बरीच जातात, त्यांचंही थोडं मांडतो.

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या विमानाची पुढची काच वर गेल्यावर निघून गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, विमान उतरलं, तो वाचला. त्याआधी रात्रपाळीत काच बदलताना ९० पैकी ८४ बोल्ट कमी व्यासाचे बसले होते. बदलणारा माणूस अनुभवी होता, कामचुकार नव्हता. त्याने जुना बोल्ट हातात घेऊन नवा *नजरेने* जुळवला, पार्ट नंबर पुस्तकात बघितला नाही.

म्हणून आमच्याकडची वृत्ती म्हणजे हात आणि कागद एकत्र चालणं. पार्ट नंबर मॅन्युअलमधून, पिशवीवरच्या चिठ्ठीवरून नाही आणि डोळ्यांनी तर नाहीच. टास्क कार्डाची (कामाच्या पायऱ्यांचा कागद) पायरी झाली की तिथेच सही, सगळं झाल्यावर दहा सह्या एकदम नाही. अर्ध्यात पाळी बदलली तर कुठल्या बोल्टपर्यंत टॉर्क (ठरलेल्या जोराने आवळणं) झाला हे लिहून द्यायचं, “थोडं राहिलंय” असं तोंडी सांगायचं नाही.

टॉर्क रेंच वापरून झाला की सर्वात कमी आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग ताणलेली राहून माप बिघडतं. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर आट्यांना तेल लावायचं नाही. तेलाने घर्षण कमी होतं, रेंच तोच आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र जास्त ताणला जातो. लॉकवायर, म्हणजे बोल्ट सुटू नये म्हणून बांधायची तार, अशी ओढायची की बोल्ट सुटायला लागला तर तार त्याला घट्ट बाजूला खेचेल. उलटी ओढली तर दिसते सुंदर, कामाची शून्य.

हत्यारांचं म्हणाल तर शॅडो बोर्डवर प्रत्येक पान्याची आकृती कापलेली असते. रिकामी आकृती दिसली की विमान हलत नाही. दहा मिलिमीटरचा एक सॉकेट सापडत नाही आणि सगळे घरी जायला निघालेत, अशा वेळी तोंड उघडणं फार जड जातं. उघडायचंच. तो सॉकेट कंट्रोल केबलच्या पुलीत अडकू शकतो. सांगणाऱ्यावर ओरडणारा सुपरवायझर स्वतःच धोका आहे, हेही मी म्हणतो.

आणि शिकाऊ मुलाने रिलीजवर, म्हणजे विमान उडायला योग्य असल्याच्या दाखल्यावर, सही करायची नसते, कोणी कितीही आग्रह केला तरी. ती सही परवानाधारकाची.

पांझरा
लॉकवायर भाऊ, बठ्ठं पटनं. बोल्टवाला भाग मुलांना वाचून दाखवतो.

लळिंग
रेडिओबद्दल मी लिहितो. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना वाटतं, फर्डं इंग्रजी नाही म्हणजे आपलं काही खरं नाही. परवान्याला आयसीएओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) इंग्रजीची चौथी पातळी पुरते. तिथे उच्चार साहेबी नको, समजणारा हवा. खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याला मोठ्यांच्या बोलण्यावर “हो सर, हो सर” म्हणायची सवय आहे.

कंट्रोलरने “होल्ड शॉर्ट रनवे झिरो नाइन” (रनवेच्या अलीकडे थांबा) सांगितलं की उत्तरात ‘होल्ड शॉर्ट’, रनवेचा आकडा आणि आपलं कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) आलंच पाहिजे. “रॉजर” पुरत नाही. रॉजरचा अर्थ ‘तुमचं सगळं ऐकू आलं’ एवढाच, ‘हो’ असा नाही. ‘हो’ साठी ‘अफर्म’, ‘ऐकलं, तसं करतो’ साठी ‘विल्को’. रनवे, उंची, हेडिंग, क्यूएनएच हे परत म्हणायचेच. ऐकू आलं नाही तर “से अगेन”. कितीही वेळा. समजल्याचं सोंग करू नये.

‘टेक-ऑफ’ हा शब्द परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात, एरवी ‘डिपार्चर’. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफे बेटावर दोन जंबो विमानं धुक्यात धडकली, ५८३ माणसं गेली, त्यानंतर ही शिस्त आली. घरी सरावासाठी साधा उपाय: एकाने मराठीत सूचना सांगायची, दुसऱ्याने आकडे न गाळता परत म्हणायच्या. भाषा नंतर बदलता येते, कान आधी तयार होतो.

गिरणाकाठ
भाची अगदी तशीच आहे, मोठ्यांपुढे शब्द काढत नाही. आम्हीच तसं वाढवलं. हे वैमानिकीत अडचणीचं होईल का?

तापीपूर
होईल ताई, आणि सुधारेलही. एफएएच्या (अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा) पुस्तकांत घातक वृत्तीचे पाच प्रकार दिलेत. नियम मला नको, झटपट करून टाकू, मला काही होत नाही, करून दाखवतो, आणि पाचवा ‘माझ्या हातात काय आहे’. पहिले चार लगेच दिसतात, त्यांना ओरडता येतं. पाचवा नम्रतेचा वेष घेऊन येतो. “सर बसलेत ना शेजारी, त्यांना दिसत असेल.” आपल्याकडच्या गुणी मुलांत मला हाच सर्वांत जास्त दिसतो.

२२ मे २०१० ला मंगळूरला विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. चौकशी न्यायालयाने नोंदवलं की कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपला होता, उतरणं स्थिर नव्हतं, आणि सहवैमानिकाने तीनदा “गो अराउंड” (उतरणं सोडून पुन्हा वर चला) म्हटलं होतं. तीनदा म्हटलं. कंट्रोल मात्र हातात घेतले नाहीत.

म्हणून पहिल्या महिन्यापासून ठरलेले शब्द ठरलेल्या वेळी मोठ्याने म्हणायचे. वेग पाच नॉटने चुकला, “स्पीड.” शिक्षकाचा चुकला तरी म्हणायचं. कंट्रोल देताना “यू हॅव कंट्रोल”, घेणाऱ्याने “आय हॅव कंट्रोल”, पहिल्याने पुन्हा “यू हॅव कंट्रोल”. तिन्ही वाक्यं झाल्याशिवाय हात सोडायचा नाही. यात मान-अपमान नाही. घरी “काका” म्हणून पाया पडा, कॉकपिटमध्ये “स्पीड” म्हणा. दोन्ही एकाच माणसाला करता येतं.

पांझरा
तब्येतीचं राहिलं. उड्डाणाआधी १२ तास दारूचा थेंब नाही आणि श्वासाच्या चाचणीत शून्यच यायला हवं. २०२३ च्या सुधारित नियमात अल्कोहोल असलेला माउथवॉश, टूथ जेल, औषध हेही बंद आहे. होमिओपॅथीचे थेंब अल्कोहोलमध्ये असतात, खोकल्याच्या काही औषधांतही असतं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची. सर्दीच्या गोळीने गुंगी येते, आणि नाक चोंदलेलं असताना उतरताना कानाचा पडदा दुखावू शकतो. दोन्ही बाजूंनी उड्डाण बंद.

आणि लग्नसराई. हळदीच्या रात्री दोन वाजेपर्यंत डीजे आणि सहाला स्लॉट, हे जमत नाही. घरच्यांनीच “तू झोप” म्हणायला हवं. मेडिकलला जुना आजार लपवू नका. सांगितलेल्यावर बहुतेकदा मार्ग निघतो, लपवलेल्यावर नाही.

गिरणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या आठवड्यासाठी काय काय घेऊन देऊ तिला?

तापीपूर
खिशात मावणारी बांधीव वही, सुटे कागद नको. दोन काळी पेनं. सेकंदकाटा असलेलं घड्याळ. इंधनाचा स्वतःचा पारदर्शक कप, आणि त्यामागे धरायला हातभर पांढरं सुती कापड. विमानाचं हँडबुक संस्था देईल, त्यात टेक-ऑफच्या तक्त्याला खूण करून ठेवायला सांगा. पाच लेखी विषयांना प्रत्येकी ७० टक्के लागतात, तेव्हा नंबर लागत नसेल ते दिवस वाचनाचे. गॉगल पोलराइज्ड घेऊ नका, त्यातून डिजिटल पडदे काळे दिसतात.

पांझरा
आणि ताई, पिटोटचं लाल कव्हर संस्थेचंच असतं, पण उतरल्यावर ते कोणी लावायचं यावर मुलांत नेहमी टोलवाटोलवी चालते. तिला सांगा, आपण लावायचं.